आधी लहान चाकाचे दाते मोजा

पारोळा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "मक्याच्या ट्रॉल्या भरायला तिरपं एलिव्हेटर बनवून घेतलं. दोन एचपीची गिअर मोटर, ९६ आरपीएम. मोटरवर ९ दात्यांचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक), वरच्या रोलरवर २७ दात्यांचं, मध्ये पाऊण इंची चेन, ९० कड्यांची. पहिली चेन हंगाम संपायच्या आत सैल झाली. एक कडी काढून हाफ लिंक टाकली तर ती हाफ लिंकलाच तुटली. दुसरी चेन आता दाते सोडून उड्या मारते. लहान चाकाचे दाते टोकदार झालेत, मशीन धक्के देत चालतं, गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल झिरपायला लागलंय. बनवणारे म्हणतात, एक इंची चेन टाका. टाकू का?"

भाऊ, एक इंची चेन टाकू नका. तुमची साखळी कमजोर नाही. तुम्ही लिहिलेली सगळी दुखणी, म्हणजे सैल होणं, उडी मारणं, धक्के, टोकदार दाते आणि ते झिरपणारं तेलसुद्धा, एकाच जागी सुरू होतात: मोटरवरच्या त्या नऊ दात्यांच्या चाकावर. तिथं १७ दात्यांचं चाक बसवा, रोलरवर ५१ दात्यांचं, आणि चेन आहे तीच पाऊण इंची, म्हणजे एका पिनीच्या मध्यापासून पुढच्या पिनीच्या मध्यापर्यंत पाऊण इंच भरणारी, ठेवा, फक्त नवीन. असं का म्हणतोय ते नीट उलगडून सांगतो, कारण कारण कळलं तर पुढच्या मशीनला तुम्ही स्वतःच हे बघून घ्याल.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळ मिलची आणि शेतीची अवजारं दुरुस्त करण्यात माझी तीसेक वर्षं गेली. सुरुवातीच्या काळात एका डाळ मिलच्या एलिव्हेटरची चेन मी एका हंगामात तीनदा बदलली होती. तिसऱ्या वेळी आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझ्या हातातली चेन बाजूला ठेवली आणि म्हणाले, "पोऱ्या, पहिले दात मोज." मोजले तर आठ होते. तेव्हापासून कुठल्याही मशीनजवळ गेलो की मी आधी लहान चाकाचे दाते मोजतो, बाकीचं नंतर.

आता मूळ गोष्ट. दातेरी चाकं दोन जातीची, आणि त्यांची गल्लत पुष्कळजण करतात. उन्हाळ्यात रसवंतीवर उभे राहिलात तर चरकाच्या बाजूला बघा. तिथं एका चाकाचे दाते दुसऱ्या चाकाच्या दात्यांत थेट अडकलेले असतात, म्हणून दोन लाटा एकमेकांच्या उलट फिरतात आणि ऊस आत ओढला जातो. तो गिअर. तिथं दाता दात्यावर घासत, सरकत जोर देतो, म्हणून त्याच्या बाजूला खास बाक दिलेला असतो. सायकलचं पायडलचं चाक आणि मागचं फ्रीव्हील मात्र एकमेकांना शिवतच नाहीत. मध्ये साखळी असते, दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरतात. हे स्प्रॉकेट, मोटारसायकलच्या गॅरेजात त्यालाच चेन सॉकेट म्हणतात. त्याच्या दोन दात्यांमध्ये गोल खोबण असते, रोलर येऊन बसण्यासाठी. दात्याचं काम रोलरला आत घेणं, जोर देणं आणि सुटताना मोकळं सोडणं एवढंच. म्हणून गिअरवर साखळी चढवता येत नाही. भंगारातून आणलेल्या गिअरवर चेन चढवलेली मी पाहिली आहे. ती आठवडाभरही टिकली नाही.

दात्यांचा हिशेब सगळ्यांना येतो. ९ ला २७ म्हणजे मोटर तीन फेरे फिरली की रोलर एक फेरा फिरतो. ९६ चे ३२ झाले. वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला आणि पिळण्याचा जोर तिप्पट झाला. १७ ला ५१ लावलं तरी हेच गणित, ३२ चे ३२ च. इथंच बनवणाऱ्याला वाटतं की मग मोठं चाक कशाला, लहानात भागतं, लोखंड वाचतं. वेगाच्या हिशेबात दोन्ही जोड्या सारख्याच आहेत. ओढीच्या हिशेबात त्या अजिबात सारख्या नाहीत.

तुमची मोटर ९६ आरपीएमला पूर्ण भारावर सुमारे १४९ न्यूटन-मीटर पीळ देते. हा पीळ साखळीला किती किलोनं ओढेल, ते चाकाच्या त्रिज्येवर ठरतं. पाना जितका आखूड, तितका हाताला जोर जास्त लावावा लागतो, तसंच. पाऊण इंची चेनचं ९ दात्यांचं चाक रोलरच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं तर ५५.७ मिलिमीटर व्यासाचं भरतं. म्हणजे साखळीवर सुमारे ५४५ किलोची ओढ. १७ दात्यांचं चाक १०३.७ मिमीचं, तिथं तीच मोटर साखळीला फक्त २९३ किलोनं ओढते. पाऊण इंची साधी चेन, जिला दुकानात १२बी म्हणतात, ती प्रमाणानुसार किमान २,९०० किलोच्या आसपास तुटायला हवी. नऊ दात्यांवर तुमच्या हाताशी पाचपट राखीव ताकद होती. ऐकायला पुष्कळ वाटते, पण मोटर थेट सुरू होते तेव्हा क्षणभर दुप्पट, अडीचपट झटका बसतो. त्यात आपल्याकडची लाईट. एलिव्हेटर मक्यानं भरलेलं असताना लाईट गेली आणि परत आली, की तो झटका भरल्या मशीनवर बसतो. पाचपटीची अडीचपट तिथंच झाली. हाफ लिंक, म्हणजे कड्या विषम झाल्या की साखळी जोडायला लागते ती कडी, तुटली यात नवल काहीच नाही. तिच्या पट्ट्या वाकड्या असतात, त्यामुळे ती सरळ कडीपेक्षा कमजोर असतेच.

आणि हीच ओढ मोटरच्या शाफ्टलाही बाजूला खेचते. ५४५ किलो गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर. बेअरिंगला ढिलाई आली, शाफ्ट हलायला लागला, सीलचा ओठ झिजला आणि तेल बाहेर आलं. सील बदलून बघितलंत तर तेल थोडे दिवस थांबेल आणि परत येईल. आधी ओढ कमी करा, मग बेअरिंग आणि सील बदला.

अजून एक गोष्ट, लहान चाक काढाल तेव्हा बघा. ९ दात्यांच्या चाकाचा खोबणीपाशी व्यास सुमारे ४३.६ मिमी असतो. त्यात ३० मिमीचा शाफ्ट, वर चावीची (चाक शाफ्टवर घसरू नये म्हणून ठोकतात त्या लोखंडी पट्टीची) खाच. खाचेच्या डोक्यावर जेमतेम साडेतीन मिमी धातू उरतो. चावीच्या कोपऱ्यातून बारीक तडा गेलेला दिसला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता धक्क्यांबद्दल. हा भाग मला फार आवडतो, कारण डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लगेच कळतो. आपण चाक गोल आहे असं म्हणतो, पण साखळीसाठी ते गोल नसतं. साखळी कडीकडीनं वळते, म्हणून तिच्या दृष्टीनं ९ दात्यांचं चाक म्हणजे नऊ कोन आणि नऊ सरळ बाजू. कोन वर आला की साखळी २७.९ मिमी त्रिज्येवर ओढली जाते, सपाट बाजू वर आली की २६.२ मिमीवर. मोटर एकसारखी फिरत असते, पण साखळी दर दात्याला ६ टक्के मंद होते आणि परत वेग घेते. ९६ आरपीएमला हे सेकंदाला चौदा वेळा घडतं. नऊ कोनांची चाकं लावलेली बैलगाडी डांबरी रस्त्यावरून नेल्यासारखं. तुमचं एलिव्हेटर धक्के देतं ते हेच. ११ दात्यांना हा फरक ४ टक्के असतो, १७ ला १.७, १९ ला १.४ आणि २५ ला ०.८. नऊपासून सतरापर्यंत फायदा झपाट्यानं होतो, पुढे तो मंदावतो. म्हणून सर्वसाधारण कामाला लहान चाक किमान १७ दात्यांचं घ्यावं असं म्हणतात. खूप हळू चालणाऱ्या कामाला याहून कमी चालतात, जागाच नसेल तर १५ वर मीही समाधान मानतो. नऊ मात्र रोजच्या कामाच्या, भार ओढणाऱ्या मशीनला नको.

साखळी "ताणली गेली" असं आपण म्हणतो. खरं तर लोखंडाच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक कडीच्या सांध्यात एक पिन असते, पिनीवर बुश आणि बुशवर मोकळा फिरणारा रोलर. जुन्या साखळ्यांत पिन थेट पातळ पट्टीच्या भोकात घासायची आणि भोक लवकर मोठं व्हायचं. १८८० साली मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड यांनी बुश आणि रोलर असलेल्या साखळीचं पेटंट घेतलं. झीज पट्टीच्या पातळ कडेवर न येता बुशच्या पूर्ण रुंदीवर पसरली. आज सायकलपासून साखर कारखान्यापर्यंत तीच रचना चालते. पण पिन आणि बुश यांचं घासणं आहेच. तुमच्या ९० सांध्यांत प्रत्येकी फक्त ०.२ मिमी झीज झाली तरी एकूण १८ मिमी होतात, म्हणजे जवळजवळ एक अख्खी कडी. तुम्हाला एक कडी काढावी लागली ती यामुळे.

हे घासणं कधी होतं? सरळ ओढीत नाही. कडी चाकावर चढताना वळते आणि उतरताना परत सरळ होते, तेव्हा. नऊ दात्यांवर प्रत्येक कडी ४० अंश वळते, सतरावर फक्त २१ अंश. सतराला ओढ अर्धी, वळण अर्धं. आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी: मोठ्या चाकामुळे साखळीचा वेग जवळपास दुप्पट होतो, तीच कडी जास्त वेळा चाकावर येते. तो हिशेब धरूनही लहान चाकावरची झीज ढोबळमानानं अर्ध्यावर येते.

झिजलेली कडी काढून साखळी तंग करणं हा मात्र इलाज नाही. साखळीचा सैलपणा गेला, पण प्रत्येक कडी लांब झालेली तशीच राहिली. दात्यांमधलं अंतर १९.०५ मिमी आणि कडी त्याहून मोठी, मग रोलर खोबणीच्या तळाशी न बसता दात्याच्या उतारावर वर चढून बसतो. तिथून तो दात्याला घासून टोकदार करतो, आणि एके दिवशी भार आला की टोकावरून उडी मारतो. तुमच्या चाकावर एका वेळी चारच दाते साखळीत असतात, त्यामुळे उडी सोपी. सतरावर सात, साडेसात दाते धरून ठेवतात.

पाऊण इंची चेन मोजायची पद्धत अगदी सोपी आहे. नव्या चेनच्या १६ कड्या बरोब्बर एक फूट भरतात. चेन ताणून धरा, एका पिनीच्या मध्यापासून सोळावी कडी संपते त्या पिनीच्या मध्यापर्यंत टेप लावा. सव्वाबारा इंच, म्हणजे दोन सूत जास्त झाली की ती २ टक्के वाढली. मग ती काढायचीच. तुमची आत्ताची मोजून बघा, माझ्या अंदाजानं ती तिथं पोचली आहे.

नऊ दाते आणि ९० कड्या या जोडीत अजून एक खोट आहे. ९० ला ९ नं पूर्ण भाग जातो. म्हणून एका दात्याच्या नशिबी कायम त्याच दहा कड्या येतात. एक दाता जरा खराब असला तर तो त्याच दहा कड्या खात राहतो. कड्या सम आणि दाते विषम, दोघांना समान भाजक नाही, अशी जोडी घेतली की प्रत्येक दाता आळीपाळीनं प्रत्येक कडीला भेटतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. कड्या सम असल्या की हाफ लिंकही लागत नाही.

मग एक इंची का नको? तुटणार नाही हे खरं. ती बरीच भारी असते. पण दाते ९ च ठेवले तर ६ टक्क्यांचे धक्के तसेच, ४० अंशांचं वळण तसंच, आणि साखळी जड. शाफ्टवरची ओढ ५४५ वरून ४०९ किलोवर येईल एवढंच, आणि मोठं चाक तर २७ दात्यांतच बरंच वाढेल. तेवढीच जागा द्यायची असेल तर ती जास्त दात्यांना द्या.

आता करायचं काय. १७ आणि ५१ दाते, १२बी, आणि तुमच्या दोन शाफ्टमधलं अंतर मी हिशेबानं सुमारे ६८४ मिमी धरतोय. तिथं १०६ कड्यांची चेन बसते, अंतर ६७८ लागेल, म्हणजे मोटर ६ मिमी रोलरकडे सरकवायची. मोटरच्या बोल्टच्या खाचेत पुढे जागा आहे का ते बघा. त्याचा फायदाही आहे, पुढे चेन वाढेल तसं मागे घ्यायला जास्त जागा मिळते. ५१ दात्यांचं चाक बाहेरून जवळपास ३२० मिमीचं होईल. फ्रेमला लागत असेल तर १५ आणि ४५ घ्या. ते सुमारे २८५ मिमीचं होतं, फक्त कड्या परत मोजाव्या लागतील.

चेन घेताना दुकानात "पाऊण इंची" एवढंच म्हणू नका. १२बी आणि ६० नंबर या दोन्ही पाऊण इंचीच आहेत, पण आतली रुंदी वेगळी. १२बीची ११.६८ मिमी, ६० नंबरची १२.५७. ६० नंबरचं चाक १२बी चेनमध्ये घासत, अडकत चालतं. १२ हा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा, १२ भागिले १६ म्हणजे पाऊण. ०८बी अर्ध्या इंचाची, १०बी पाच सुतांची, १६बी एक इंचाची. एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

लहान चाक एन-८ पोलादाचं आणि दाते कडक केलेलं घ्या. त्याचा प्रत्येक दाता मोठ्या चाकाच्या दात्यापेक्षा तिप्पट वेळा कामाला येतो. गॅस कटरनं कापलेले दाते नकोत, मशीनवर काढलेलेच हवेत. दोन्ही चाकं आणि चेन एकदमच बदला. टोकदार दात्यांवर नवी चेन टाकणं म्हणजे ती चेन आधीच अर्धी वाया घालवणं.

बसवताना मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक वेळी मनापासून सांगतो. बोट दात्यात गेलं तर साखळी थांबत नाही. चेनवर पत्र्याचं कव्हर हवंच. मका भरायला बायाबापड्या आणि पोरंसोरं आजूबाजूला असतात, गमछा आणि पदर त्या दिशेला उडतोच.

दोन्ही चाकांच्या तोंडावर दोरी ताणून धरा. ती चारही ठिकाणी एकसारखी टेकली पाहिजे. जोडकडीच्या क्लिपचं बंद तोंड साखळी जाते त्या दिशेला ठेवा, उघडं तोंड मागे. साखळीची सैल बाजू खालून येईल अशी रचना ठेवा. आणि चेन तारेसारखी ताणू नका. मधोमध दाबल्यावर १५ ते २० मिमी हलली पाहिजे. घट्ट चेन बेअरिंगला आणि पिनींना विनाकारण भार देते.

तेलाबद्दल आपल्याकडे एक चुकीची सवय आहे: ग्रीस थापणं. ग्रीस पिनीपर्यंत पोचतच नाही, वरच राहतं, आणि त्यावर मक्याचं भुस्कट आणि धूळ बसली की त्याचा पॉलिश पेपर होतो. आठवड्याला चेन डिझेलनं ब्रशनं धुवा, पुसा, आणि आतल्या बाजूनं पट्ट्यांच्या फटींत तेल सोडा. सैल बाजूला सोडा, तिथं सांधे मोकळे असतात, तेल आत शिरतं. हिवाळ्यात ३० ग्रेड, आपल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात ४०. मग मशीन पाच मिनिटं रिकामं चालवा आणि वरचं तेल पुसून टाका.

एक गोष्ट जाता जाता, कारण तुम्ही पेरणी यंत्रही घेणार असं लिहिलंय. तिथंही हीच चाकं आहेत, पण काम वेगळं. जमिनीवर फिरणारं चाक साखळीनं बियाण्याची तबकडी फिरवतं. समजा चाकाचा घेर १५० सेंटिमीटर, तबकडीला १० खाचा आणि दोन्हीकडे सारखे दाते. मग १५ सेंटिमीटरला एक दाणा पडेल. मक्याला २० हवे असतील तर चाकावर १५ आणि तबकडीवर २० दाते लावा, तबकडी पाऊण फेरा फिरेल आणि अंतर बरोबर २० होईल. पट्टा इथं चालत नाही, तो सरकतो आणि दाणे चुकतात. साखळी सरकत नाही म्हणूनच ती तिथं असते.

तुमच्या एलिव्हेटरकडे परत येतो. नवी चेन पहिल्या आठ-दहा तासांत थोडी सैल होतेच, पिना आणि बुश एकमेकांत बसतात. घाबरून कडी काढू नका, मोटर किंचित मागे घ्या. त्याच दिवशी १६ कड्यांचं माप घेऊन मशीनच्या पत्र्यावरच तारखेसह खडूनं नको, रंगानं लिहून ठेवा. पुढच्या हंगामात परत मोजा. दोन्ही मापं कळवलीत तर चेन अजून किती चालेल ते मी सांगेन.